चुकीच्या विषयांचा रकाना

शाळेच्या ऑफिसात मी तीस-बत्तीस वर्षं मुलांची नावं लिहिली. आडनाव आधी, मग मुलाचं नाव, मग वडिलांचं, मग गाव आणि तालुका. एखाद्या बापाने दाखल्याच्या अर्जात नावाच्या जागी ‘आमचा धाकटा’ असं लिहून आणलं, की मी तो अर्ज खिडकीतून परत ढकलायची. निवृत्त होऊन लोणावळ्याच्या घरात बसले आणि खिडकीच गेली. नवरा रेल्वेतून माझ्याआधी दोन वर्षं निवृत्त झालेला. त्यामुळे परत ढकलायचं ते सगळं त्याच्याच वाट्याला येऊ लागलं. भाजी आणली तर भाजी, पेपरची घडी घातली तर पेपर. तिसऱ्या महिन्यात त्याने माझ्या भाच्याला फोन लावला आणि माझ्यासमोरच म्हणाला, “तुझ्या मावशीला काहीतरी काम दे बाबा. मी पुरत नाही तिला.”

भाचा पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत. त्याने हौसेने एक वेबसाइट काढली होती, मावळातल्या घराण्यांच्या वंशावळींसाठी. ज्याला आपला पणजोबा सापडत नाही त्याने तिथे पोस्ट टाकायची, ज्याला माहीत असेल त्याने खाली उत्तर द्यायचं. पोस्ट टाकताना वर एक ओळ भरावी लागे: विषय. बाकीच्या सभासदांना यादीत फक्त ती ओळ दिसे, आणि ती वाचून ते आत जायचं की नाही ते ठरवत.

“लोक त्या ओळीत काहीही लिहितात मावशी,” भाचा म्हणाला. “आतल्या मजकुराला हात लावायचा नाही. फक्त ती ओळ नीट करायची.”

पहिल्या दिवशी यादी उघडली आणि मला माझी शाळा परत मिळाल्यासारखं वाटलं. एकाने विषय लिहिला होता ‘नमस्कार’. त्याखाली दुसऱ्याने ‘नमस्कार’. एकाने ‘अर्जंट’, पुढे सहा उद्गारचिन्हं. आत पाहिलं तर त्याला खापरपणजोबा हवे होते, आणि ते काही घाईत असतील असं वाटत नव्हतं. आपल्याकडे शाळेत अर्जलेखन शिकवतात ते जन्मभर अंगातून जात नाही, त्यामुळे ‘पूर्वज मिळणेबाबत’ असे पाच-सहा विषय होते. एका गृहस्थांनी तर विषयाच्या जागी लिहिलं होतं, ‘वरील विषयास अनुसरून’. मी बराच वेळ त्याच्या वर काय आहे ते शोधत होते.

मी नियम केला. विषयात आडनाव, गाव, अंदाजे काळ आणि कोणाचा शोध, या क्रमाने. नियमात न बसेल ते मी बदलणार, आणि ज्यात आडनावच नाही ते ‘इतर गप्पा’ या कोपऱ्यात टाकणार. सकाळी आंघोळ झाली की चष्मा लावून बसायचं आणि दहा-पंधरा ओळी सरळ करायच्या. नवरा चहा आणून ठेवी आणि विचारी, “आज कुणाकुणाचे कान उपटले?”

सगळ्यात जास्त त्रास सरदारांचा. ज्याला त्याला आपला पूर्वज सरदार होता याचा पुरावा हवा. सगळे घोड्यावर. ‘आमचे पूर्वज किल्लेदार – कागदपत्रे पाहिजेत’, ‘आमचे मूळपुरुष घोडदळात – मान्यता मिळणेबाबत’. सगळेच घोड्यावर बसले होते, तर मावळात भात लावला कोणी, हा प्रश्न मला फार पडायचा. एकदा मी ‘सरदार’ हा शब्द काढून ‘पूर्वजाचा शोध’ इतकंच ठेवलं, तर त्या गृहस्थांनी मला ‘आपण इतिहासद्वेष्ट्या आहात’ असा निरोप पाठवला. तो मी नवऱ्याला वाचून दाखवला. तो म्हणाला, “चला, मला सोडून दुसऱ्याही कुणाला कळलं.”

असेच चार-पाच महिने गेले. मग एका सकाळी यादीत सगळ्यात वर एक विषय दिसला:

‘चहात मीठ घालणारी हत्या’.

मी नवऱ्याला हाक मारली. त्याने माझ्या खांद्यावरून वाचलं आणि म्हणाला, “ही वंशावळीची वेबसाइट आहे ना? पोलिसांना कळवायचं का?”

भीत भीत आत गेले. एका माणसाने फोनमध्ये बोलून मजकूर उतरवला होता. पवनेच्या बाजूचा, सत्तरी ओलांडलेला शेतकरी. लहानपणी त्याच्या वडिलांची धाकटी बहीण घरातून निघून गेली होती, ती पुन्हा आली नाही. तिचा शोध हवा होता. तो ‘आत्या’ म्हणत होता आणि फोन इमानदारीने ‘हत्या’ लिहीत होता. ‘माझी हत्या लय मायाळू होती’, ‘हत्येनं मला कडेवर घेऊन खेळवलं’. थोड्या वेळाने त्याचं त्यालाच दिसलं असावं. त्याने विषय दुरुस्त केला: ‘चहात मीठ घालणारी आत्या’.

मला तरी तो नियमात बसेना. मी तो बदलून त्याचं आडनाव, पवना खोरे, अंदाजे साठ-पासष्ट वर्षांपूर्वी, आत्याचा शोध, असा केला. सुटसुटीत. दुपारी त्याचा निरोप आला, ‘माज्या पोस्टीचं नाव कुनी बदललं? फोन करा’, आणि खाली नंबर. मी केला.

“त्या नाव बदलनाऱ्या बाई तुमीच व्हय?”

“मी फक्त विषयाची ओळ नीट केली, आबा. नियम आहे तसा.”

“पोर माझं आन् नाव ठेवनार तुमी? बारशाला नाव ठेवायचा मान आत्याचा असतो. तुमी काय माजी आत्या हाय?”

मला हसू आलं, पण मी दाखले लिहिणारी बाई. म्हटलं, “आबा, चहात मीठ असं लिहिलंत तर शोधणाऱ्याला कळणार कसं? आडनाव दिसलं तर तुमच्या भावकीतलं कुणीतरी उत्तर देईल.”

“भावकीला तर नकोच हाय ती,” तो म्हणाला. “म्हनून तर चहाचं लिवलं.” आणि फोन ठेवला.

तेव्हा मी त्या वाक्यावर जरासुद्धा थांबले नाही. विषय मी दिला तसाच राहिला. खाली महिनाभर एकही उत्तर आलं नाही.

पुढे भाच्याने सुचवलं की नवीन सभासदांसाठी एक नमुना तयार कर. एका बाजूला चुकीचे विषय, दुसऱ्या बाजूला बरोबर केलेले. वेबसाइट प्रत्येक पोस्टचा मी बदलण्याआधीचा विषय जपून ठेवत होती, त्यामुळे माल भरपूर. मी मोठ्या उत्साहाने दोन रकाने केले, सगळं भरलं आणि चुकीचा रकाना अकारविल्हे लावायला सांगितला. ‘अर्जंट’ वर गेला, ‘नमस्कार’ची मधे मोठी वस्ती झाली. मी ‘च’पर्यंत आले आणि थांबले.

‘चहात मीठ घालणारी आत्या’.

त्याच्या लगेच खाली, ‘चहात मीठ घालायची आमची आजी, अजून कुणाच्या घरी असं होतं का?’

समोरच्या बरोबरच्या रकान्यात पाहिलं. पहिल्यापुढे आडनाव, पवना खोरे वगैरे. दुसऱ्यापुढे माझ्याच हातचं, ‘आहारविषयक सवयी’. ते मी ‘इतर गप्पा’त टाकलं होतं, कुणाचे तरी थालीपिठाविषयीचे दोन शब्द आणि एका दंतवैद्याची जाहिरात यांच्या मधे. आबांच्या पोस्टच्या दोन महिने आधीची पोस्ट होती ती. एका मुलीची. आजी वारली, ती मूळची कुठली ते घरात कुणालाच माहीत नाही, माहेरचं आडनावही माहीत नाही, तर एवढ्याशा गोष्टीवरून काही कळेल का, असं तिने विचारलं होतं. आडनावच हरवलेलं, आणि मी तिला कोपऱ्यात टाकलं होतं ते आडनाव लिहिलं नाही म्हणून.

नवऱ्याला दाखवलं. त्याची थट्टा मी सहन केली असती, पण त्याने फोन माझ्यापुढे सरकवला. नुसता म्हणाला, “फोन लाव.”

मुलगी वराळ्याला एका कंपनीच्या स्टोअरमध्ये कामाला होती. मी कोण ते सांगितलं, तर ती म्हणाली, “हो, तुम्हीच ना माझ्या आजीला आहारात टाकलं?” मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? मग हळूहळू विचारत गेले. आजी डोंगरातल्या एका वाडीवर नांदली. आजोबांशी तिने स्वतःच्या मर्जीने लग्न केलं होतं. तिच्या घरचे जमीनदार शेतकरी आणि आजोबांचं घर डोंगरातलं, मोलमजुरीचं. तिच्या माहेरचं कुणी कधी उंबऱ्यावर आलं नाही. माहेरचं विचारलं की म्हणायची, “ते पाण्याखाली गेलं.”

“आम्हाला वाटायचं, बोलायची पद्धत आहे,” मुलगी म्हणाली. “म्हणजे संपलं, एवढंच.”

मी म्हटलं, “ते खरंच पाण्याखाली गेलेलं असू शकतं. पवनेच्या धरणात.” मग मी आबांचं नाव सांगितलं, ओळखीचं वाटतं का ते बघायला.

“हे तर माझ्या पप्पांचं नाव आहे,” ती म्हणाली.

आबांना फोन केला तेव्हा मी आधी माझी चूक सांगितली, मग मुलीचं सांगितलं, मग आत्या चार वर्षांपूर्वी गेल्याचं, आणि शेवटी तिच्या मुलाचं नाव. ते नाव त्यांनी पुन्हा एकदा विचारून घेतलं. मग म्हणाले, “माजं नाव तिनंच ठेवलेलं. म्हंजी एकच नाव दोनदा वापरलं आत्यानं. पैल्यापासनं काटकसरी.”

गुरुवारी कंपनीला सुट्टी असते, म्हणून गुरुवार ठरला. कामशेतला, स्टेशनजवळच्या एका चहाच्या हॉटेलात. आबा माझ्या आधीच येऊन बसले होते, पांढरा धुतलेला शर्ट, टोपी आणि काखेत एक लांबलचक गुंडाळी. मुलगी स्कूटीवरून आली. हेल्मेट काढलं, तर ते तिच्या चेहऱ्याकडे न बघता कानाकडे बघत राहिले.

“कान आमचंच हायेत,” म्हणाले.

ती वाकून पाया पडली आणि म्हणाली, “आबा...”

“आबा न्हाई. तुज्या बापाचा मामेभाऊ हाय मी. काका म्हन.”

मग त्यांनी ती गुंडाळी सोडली. त्यांच्या भावकीने उरुसात लावायला वंशावळीचा फ्लेक्स केला होता. मोठं हिरवं झाड, खाली खोडाशी मूळपुरुष, वर फांद्यांवर सात पिढ्यांची पानं, पानापानावर नाव. दोन टेबलं जोडली तरी शेंडा खाली लोंबत होता. हॉटेलवाल्याने बरण्या उचलून जागा करून दिली. मुलीने बोट ठेवत ठेवत सगळी पानं वाचली.

“काका, यात बायका कुठं आहेत?”

काकांनी झाडाकडे नीट पाहिलं, जणू पहिल्यांदाच. आत्या नव्हती. त्यांची आई नव्हती, बायको नव्हती, दोन्ही मुली नव्हत्या.

“खोडात आसतील,” ते म्हणाले.

मुलगी इतक्या मोठ्याने हसली की हॉटेलवाला वळून बघायला लागला. ते स्वतःही हसले, पण मग फ्लेक्सची कड बोटाने कुरतडत बसले. म्हणाले, “बापानं शपथ घातलेली. तिचं नाव घरात काढायचं न्हाई. बाप गेला, तरी जीभ वळंना. ह्यो फोन आला हातात, मंग वाटलं, फोनला कुटं शपथ घातलीय.”

चहा आला. काकांनी हॉटेलवाल्याकडे मीठ मागितलं. चिमूटभर आपल्या चहात टाकलं, ढवळलं आणि बशीत ओतून प्यायले. तोंड वाकडं झालं.

“आजी सांगायची, मिठानं घसा चांगला राहतो,” मुलगी म्हणाली.

“साफ खोटं!” काका पुढे सरकले. “मी सांगतो. मी पाच वर्साचा हुतो, पर मला चांगलं याद हाय. आत्याला बघायला पाव्हनं आलतं. बडं घर, दोन बैलजोड्या. तिला नको हुतं. तिनं सगळ्यांच्या चहात मूठमूठ मीठ घातलं. पाव्हन्यानं घोट घेतला आन् त्याचं डोळंच फिरलं. माजा आज्जा भडकला, म्हनला, ह्ये काय? तर आत्यानं आपला कप उचलला, सगळ्यांम्होरं घटाघटा प्याली आन् म्हनली, मी तर रोज आसाच पिते, मला वाटलं सगळीच पितात.”

“मग?”

“मंग काय, पाव्हनं गेलं. पर आज्जा वस्ताद. दुसऱ्या दिशी सकाळी समोर बसला, म्हनला, पी बघू रोजच्यासारका. प्याली. तिसऱ्या दिशी पुना. लबाडी धरायचीच आसं त्यानं ठरवलं, आन् धरू द्यायची न्हाई आसं हिनं. वरीसभर चाललं ते. मंग घर सोडून गेली.”

मुलीने हातातला कप खाली ठेवला. “काका, ती शेवटपर्यंत प्यायची. दवाखान्यात सुद्धा. डॉक्टरांनी मीठ बंद केलं, तर उशीखाली पुडी ठेवायची.”

काकांनी समोरचं मीठ बाजूला सारलं. मग म्हणाले, “आता कुनाला दाखवायचं हुतं तिला?”

मी फ्लेक्स गुंडाळायला लागले, आणि मुलीने दुसरं टोक धरलं.

पुढच्या महिन्यात काका आत्याच्या वाडीवर जाऊन आले. परत आल्यावर त्यांनी जाड पेनाने फ्लेक्सवर आत्याचं नाव लिहिलं, वडिलांच्या पानाशेजारी. भावकीत कुरकुर झाली. एक चुलतभाऊ चार दिवस बोलला नाही. पण दुसऱ्याची बायको येऊन म्हणाली, भाऊजी, पेन हातात हायेच तर माजंबी टाका. मग तिच्या जावेचं, मग सासूचं. काकांनी मला फोटो पाठवला. झाडाला पानांच्या मधे काळ्या शाईची इतकी दाटी झाली होती की मूळपुरुष दिसेनासे झाले होते. खाली लिहिलं होतं, ‘पेन संपला’.

इकडे मी भाच्याला फोन करून नियम काढून टाकला. “मावशी, मग तू काय करणार?” त्याने विचारलं. मी म्हटलं, आडनाव असेल तर मी फक्त पुढे जोडीन, माणसाने लिहिलेलं खोडणार नाही. आणि ‘इतर गप्पा’ हा कोपरा बंद केला. यादी आता बघवत नाही इतकी गबाळी झाली आहे. ‘बिनदाताचे पण करवंदं खाणारे आजोबा’. ‘कोंबड्यांना इंग्रजीत हाका मारणारी पणजी’. सरदार आहेतच, ते काही हटत नाहीत. पण हल्ली कोंबड्यांच्या पणजीखाली बावीस उत्तरं असतात आणि सरदारांच्या खाली एक. तेही बहुतेक त्यांच्याच भावाचं.

गेल्या आठवड्यात नवऱ्याने सहज विचारलं, “तुझ्या आईच्या आईचं माहेर कुठलं गं?” हजारो मुलांची जन्मगावं लिहिलेली बाई मी, मला माझ्या आजीचं माहेर माहीत नव्हतं. आईला जाऊन बरीच वर्षं झाली. सांगू शकेल अशी एकच जिवंत आहे, सुदुंबऱ्याची माझी मावशी, नव्वदीला टेकलेली. तिला फोन लावला आणि विचारलं.

“आता आठवन झाली व्हय?” ती म्हणाली. “फोनवर न्हाई सांगत. जेवायला ये. आन् वही आन, मी एकदाच सांगनार.”

मी दुसऱ्या दिवशी सकाळीच निघाले. नवरा म्हणाला, मीही येतो, तुला कुणी दटावलेलं मी कधी पाहिलं नाही. दुपारी मावशीच्या ओसरीवर आम्ही दोघं पाटावर बसलो. तिने वही उघडायला लावली, मी सवयीने डाव्या बाजूला समास आखायला घेतला, तर तिने माझ्या हातावर चापट मारली.

“रेघा नगं मारू,” ती म्हणाली. “ऐक आधी. तुजी आजी घरात सगळ्यात उंच हुती, आन् तिला बेडकाची लय भीती.”